प्रतिसाद: व्युत्क्रम कोन ‘नेहमी’ समान नसतात

मूळ पोस्टमध्ये ‘व्युत्क्रम कोन समान असतात’ असं सरसकट लिहिलंय, त्यात अर्धी अट गळली आहे. छेदिका म्हणजे दोन रेषांना दोन वेगळ्या बिंदूंत छेदणारी रेषा. तिने कुठल्याही दोन रेषांना छेदलं की आठ कोन होतात आणि संगत (दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी असलेले), व्युत्क्रम (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना, वेगळ्या छेदनबिंदूंपाशी, दोन्ही आतले किंवा दोन्ही बाहेरचे) ही नावं तेव्हाच मिळतात; समानता मात्र रेषा समांतर असतील तरच. विरुद्ध कोनांना (एकाच छेदनबिंदूपाशी समोरासमोर असलेल्या) ही अट लागत नाही.

खरी गफलत जोडी ओळखण्यात होते. समजा, समांतर रेषांमधले दोन आंतरकोन (३x + १०)° आणि (५x − ३०)° आहेत. ते व्युत्क्रम असतील तर दोन्ही समान, म्हणून x = २० आणि प्रत्येक कोन ७०°. छेदिकेच्या एकाच बाजूला असतील तर बेरीज १८०°, म्हणून x = २५ आणि कोन ८५° व ९५°. दोन्ही उत्तरं नीटनेटकी, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही! आधी छेदिका पेन्सिलीने गडद करा, मग कोन तिच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघा.

आणि कच्ची आकृती काढताना छेदिका चांगली तिरकी, साधारण ६०° ला काढा. ती लंबाच्या जवळ गेली की सगळेच कोन ९०° चे भासतात. मग समान कुठले आणि पूरक कुठले, हे डोळ्यांना कळत नाही. (इथे ‘पूरक’ म्हणजे बेरीज १८०°, ९०° वाले ते कोटिकोन.)