मॉलच्या ओल्या फरशीवर पडलात: ग्राहक आयोग की दिवाणी दावा?

खडीसाखर:
मॉल, हॉटेल, मल्टिप्लेक्समध्ये ओल्या फरशीवर घसरून हाड मोडलं तर सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जावं, असं माझं ठाम मत आहे. मुदत दोन वर्षं. फी ठरते ती तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे तीनशेच्या तिकिटावर चार लाख मागता येतात. वकीलही सक्तीचा नाही. दिवाणीत मात्र मागाल त्या रकमेवर कोर्ट फी.

'आपल्या जबाबदारीवर वावरा' या पाटीला घाबरू नका. ताजमहाल हॉटेलच्या गाडीचोरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय, की पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापल्याने हॉटेलचा स्वतःचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

कज्जेदलाल:
असहमत. आधी तुम्ही 'ग्राहक' ठरायला हवं. नुसतं एसीत फिरायला आलेल्याने मोबदला दिलेलाच नसतो. मॉलचा वकील पहिला मुद्दा हाच घेतो. दुसरं, आयोगाचं काम शपथपत्रांवर चालतं. फरशी ओली होती की नव्हती, यावर साक्षीदारांची सविस्तर उलटतपासणी लागणार असेल तर आयोग तुम्हाला दिवाणी कोर्टाची वाट दाखवू शकतो. तीन महिन्यांत निकाल हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये लिहिलंय खरं, पण बोर्डावरच्या तारखा ते कलम वाचत नाहीत.

ओलीसुकी:
तुमचं भांडण दारापाशीच अडलंय. खरा प्रश्न: पाणी सांडलं केव्हा?

आपल्याकडे जागामालकाच्या जबाबदारीचा वेगळा कायदा नाही, निवाड्यांवरच भागतं. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळल्याच्या खटल्यात (१९६६) पालिकेवर जबाबदारी आली, कारण इमारत पूर्णपणे तिच्या ताब्यात होती आणि तपासणी झालेली नव्हती. फुटलेली पायरी, गळका एसी त्यात बसतात. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने दोन मिनिटांपूर्वी कोल्ड्रिंक सांडलं असेल, तर ते मॉलला कळलं होतं किंवा कळायला हवं होतं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. बहुतेक दावे इथेच गळतात.

म्हणून पडल्या दिवशीच:
– फोटो गुडघ्याच्या उंचीवरून, उजेडाच्या दिशेने तिरका काढा. वरून फ्लॅश मारला तर पाणी दिसत नाही.
– स्वच्छतागृहाच्या दारामागच्या साफसफाई तक्त्याचा फोटो घ्या. शेवटची सही तीन तासांपूर्वीची असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या असतील तर तेही टिपा.
– सीसीटीव्ही राखून ठेवण्याची लेखी मागणी ईमेलने करा, वेळ आणि मजला लिहून. बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढतं. फुटेज मिळालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं असतं.
– कॅज्युअल्टीत 'कसे पडलात' या रकान्यात काय लिहिलं ते वाचूनच निघा. घाईत 'घरी पाय घसरला' लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी तेवढी एक ओळ दावा बुडवते.
– चपला धुऊ नका. तळ झिजलेला होता, हा बचाव येणारच.

खडीसाखर:
हे मान्य. ग्राहक असल्याचं दाखवणाऱ्या बिलाचं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. फूड कोर्टचं यूपीआय पेमेंट, पार्किंगची पावती, काहीही चालेल.

कज्जेदलाल:
काहीही नाही चालत. पार्किंगची पावती पार्किंगच्या सेवेची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पडल्यावर तीच पुढे केलीत तर वाद ठरलेला. शिवाय फूड कोर्टचा ठेकेदार वेगळा, साफसफाईची एजन्सी वेगळी. तिघांनाही पक्षकार करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. मेडिक्लेम घेतला असेल तर मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात, म्हणून आधीच छायांकित प्रतींवर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

ओलीसुकी:
एक भर. पडलात ती जागा मॉलच्या दाराबाहेरचा पालिकेचा फुटपाथ असेल तर दिवाणी दाव्याच्या नेहमीच्या तीन वर्षांच्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ५२७ बघा: आधी एक महिन्याची नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत. राज्यातल्या इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ आहे. प्लास्टर निघून फिजिओथेरपी संपेपर्यंत ती मुदत गेलेली असते.