बस फुकट हवी की आधी बस हवी? न्यूयॉर्कच्या महापौरांवरून सांगली-मिरजेची चर्चा

विश्रामबागकर

1 जानेवारी 2026 ला झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर झाले. सिटी हॉलखालच्या जुन्या, बंद असलेल्या भुयारी स्टेशनात त्यांनी शपथ घेतली. निवडणुकीत त्यांच्या गाजलेल्या आश्वासनांपैकी एक होतं : शहरातली बस जलद करू आणि फुकट करू. तिथलं तिकीट याच जानेवारीत 2.90 डॉलरवरून 3 डॉलर झालंय. लोकांत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, कष्टकऱ्याच्या हातात चार पैसे राहतील. दुसरा म्हणतो, पैसा आणणार कुठून?

याच जानेवारीत, 15 तारखेला, आपणही सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी मत दिलं. माझ्या दारात जे उमेदवार आले ते रस्ते बोलले, ड्रेनेज बोलले, सांडपाण्याचा शेरीनाला बोलले. बस हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. मीही विचारला नाही, ही माझी चूक.

आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मिरजेतून येतात. शेअर रिक्षाला जाऊन-येऊन 50 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1300. एका घरचा पगार निम्मा त्यातच जातो. रस्त्यावरच्या दिव्याखालनं जाताना आपण तिकीट काढत नाही, मग कामावर जायच्या बसला का काढायचं? माझं स्पष्ट मत आहे : तिन्ही शहरांतली बस फुकट हवी. सगळ्यांना जमत नसेल तर निदान बायकांना आणि विद्यार्थ्यांना.

गणपती_पेठ

दादा, तळमळ कळते, पण फुकट काहीच नसतं. तिकिटातून नाही आलं तर घरपट्टीतून येणार. शेजारी कोल्हापूरची केएमटी बघा. महापालिकेची स्वतःची बस, तिकीट घेऊनसुद्धा तोट्यात, महापालिकेनं पैसे घालून चालवलेली. आपल्याकडं पाण्याच्या पाइपा बदलायला पैसे पुरत नाहीत. न्यूयॉर्कच्या तिजोरीशी आपली बरोबरी करून कसं चालेल?

क्वीन्समधली_मिरजकर

मिरजेत वाढले, आता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते, रोज बसनं जाते. तिथली बाजू सांगते, कारण दोन्हीकडं अर्धवट माहिती फिरतेय.

पहिली गोष्ट, बस महापौरांची नाहीच. बस आणि भुयारी रेल्वे चालवते ती एमटीए, आणि एमटीए राज्याच्या ताब्यात आहे. म्हणजे गव्हर्नर आणि राज्याचं विधिमंडळ हो म्हणेल तेव्हाच तिकीट बंद होईल. ममदानींच्या प्रचारात खर्चाचा अंदाज वर्षाला 70 कोटी डॉलरच्या आसपास होता. इतरांचे अंदाज त्याहून जास्त आहेत.

दुसरी गोष्ट, हे करून बघितलंय. सप्टेंबर 2023 पासून जवळजवळ वर्षभर शहराच्या पाचही भागांत एकेक मार्ग फुकट होता. आमदार असताना ममदानींनीच त्यासाठी जोर लावला होता. आठवड्याच्या दिवशी प्रवासी 30 टक्क्यांनी वाढले, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. पण वाढलेल्यांत बरेचसे आधीपासून बसनं जाणारेच होते, तेच जास्त वेळा बसायला लागले. मोटार घरी ठेवून आलेले थोडे. आणि गर्दी वाढल्यानं थांब्यावर वेळ जायला लागला, वेग काही वाढला नाही.

तरी मी फुकट बसच्या बाजूची आहे. आताच बसमध्ये चढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे पैसे भरत नाहीत. जो भरतो त्याला आपण एकटेच भरतोय असं वाटतं. माझ्या शेजारची बाई तीन घरं साफ करते आणि एकदाही न चुकता भरते. तिचं मला वाईट वाटतं.

गणपती_पेठ

ताई, निम्मे लोक भरत नाहीत म्हणून सगळ्यांना माफ करायचं, हे पटत नाही. गरिबालाच सवलत द्या ना.

क्वीन्समधली_मिरजकर

तशी योजना आहे काका. कमी उत्पन्नवाल्यांना निम्म्या दरात. पण अर्ज करा, कागद जोडा, कार्ड येईपर्यंत थांबा. ज्यांना मिळायला हवं त्यातल्या कितीजणांपर्यंत ती पोचतच नाही. फुकट बसला अर्ज लागत नाही.

नागरिकशास्त्राचा_मास्तर

मुद्द्याचं ताईंनी सांगितलं, ते आपल्याला तंतोतंत लागू आहे. न्यूयॉर्कचा महापौर चार वर्षांसाठी थेट लोकांच्या मतावर निवडून येतो, खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो. एवढी ताकद असून बसचं तिकीट त्याच्या हातात नाही. आपला महापौर नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि कारभाराची सही आयुक्तांची. त्यात आपली शहरी बस एसटी चालवते. महापौरांच्या दारात जाऊन बस फुकट मागितली तर ते मुंबईकडं बोट दाखवतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

पण 1949 च्या महापालिका कायद्यात परिवहन उपक्रम काढायची तरतूद आहे, त्यासाठी परिवहन समिती नेमता येते. दुसरं, केंद्रानं 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली, 169 शहरांसाठी 10,000 विजेवरच्या बस. त्यातल्या आपल्या वाट्याला येतील त्या कुठल्या मार्गावर, किती मिनिटांनी, कुठल्या दरात धावाव्यात यावर सभागृहात बोलता येतं. मागायचं तर हे मागा.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट

मी एमआयडीसीत फौंड्रीत आहे. दुपारी तीनला लागतो, रात्री अकराला सुटतो. अकरा वाजता गेटबाहेर आल्यावर फुकट काय आणि विकत काय, वाहनच नाही. म्हणून हप्त्यावर मोटारसायकल घेतली. माझ्याबरोबरचा एकजण सायकल मारत माधवनगरला जातो, पावसात अंगावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून. त्याला विचारा, तो म्हणेल वीस रुपये घ्या पण अकरा वीसला गाडी द्या.

विश्रामबागकर

तुमचं म्हणणं मान्य. पण गाडी कमी का, तर प्रवासी कमी म्हणून, असंच आजवर ऐकत आलोय. आणि प्रवासी कमी का, तर गाडीचा भरवसा नाही म्हणून. हे कुठंतरी तोडायला लागेल. फुकट केली तर माणसं येतील, मग फेऱ्या वाढवणं भाग पडेल.

डबल_बेल

नमस्कार. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. सांगली-मिरज मार्गावर खूप वर्षं काढलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिकडं म्हणतात तिकीट बंद केलं तर बस जलद होईल, कारण तिथं माणूस पुढच्या दारातनं चढताना मशीनवर पैसे भरतो, मागं रांग थांबते. आपल्याकडं तसं नाही. माणूस आधी चढतो, बेल पडते, मग कंडक्टर गर्दीतनं वाट काढत तिकीट फाडत जातो. म्हणजे थांब्यावर तिकिटानं वेळ जात नाही. वेळ जातो तो वेगळ्या ठिकाणी. सकाळी नऊची गाडी, सिव्हिलजवळ तीसजण चढले, पुष्पराज चौकात आणखी वीस, आणि मार्केट यार्डला भाड्याचा टप्पा संपतो. टप्पा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून झाली नाहीत तर गाडी बाजूला घ्यायला लागते. आत घामाघूम झालेली माणसं ओरडतात, पन्नासची नोट देणाऱ्याला सुट्टे द्यायचे असतात, कडेवर पोर असलेली बाई पर्स शोधत असते. तीन-चार मिनिटं तिथंच जातात. मागनं वडापवाला, म्हणजे शेअर गाडीवाला, पुढं निघून पुढच्या थांब्यावरची माणसं उचलतो. फुकट केलं तर ही चार मिनिटं वाचतील, एवढं मी अनुभवानं सांगतो.

आता दुसरी बाजू. गाडी फुकट झाली की एक थांबा जायलासुद्धा माणूस चढतो. कॉलेजची पोरं विलिंग्डनपासनं विश्रामबाग चौकापर्यंत चढतील, जे अंतर चालत जाण्यासारखं आहे. मग मिरजेहून सिव्हिलला निघालेली म्हातारी उभीच राहणार. मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गाड्या अशा भरल्या की बसायला जागा नाही. बायका बाहेर पडल्या याचा मला आनंद झाला. पण गाड्या तेवढ्याच होत्या. सवलत दिली त्याच दिवशी गाड्या वाढवायला हव्या होत्या. माझं मत, आधी फेऱ्या, मग सवलत.

मिरज_रिक्षा

सगळे बोलून झाले, आमचं कोण बोलणार? मी गांधी चौकात उभा असतो. रिक्षाचं कर्ज आहे, दोन पोरं शिकतात. शासनाची गाडी फुकट धावायला लागली तर मी कोणत्या दरात धंदा करू? इतकी वर्षं जिथं बस पोचली नाही तिथं लोकांना आम्ही पोचवलं. महापुरात पाणी उतरल्यावर पहिल्या दिवशी गल्लीत रिक्षाच गेली होती. बस वाढवा, मी विरोध करत नाही. पण आधी आम्हाला बोलवा. वॉनलेसवाडी, शंभर फुटी रस्ता, कुपवाडच्या आतल्या वस्त्या असे मार्ग शेअर रिक्षाला ठरवून द्या, बस मोठ्या रस्त्यावर चालू दे. दोघांचं पोट भरेल.

विश्रामबागकर

दादा, हे माझ्या लिखाणात यायला हवं होतं, आलं नाही. तुमचं बरोबर आहे.

म्हैसाळची_सून

माझी मावशी अथणीला असते. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना त्यांच्या राज्याच्या साध्या बस फुकट आहेत, शक्ती योजना. पूर्वी मावशी वर्षातनं दोनदा यायची, लग्नकार्य असलं तर. आता कागवाडपर्यंत आधार कार्ड दाखवून येते, तिथनं पुढं आमच्याकडं यायला तिकीट काढते. डोळ्याच्या ऑपरेशनआधी मिरजेला चार वेळा तपासायला आली, एकटी. पूर्वी काकांनी पैसे दिले तर निघायची. तिकिटाचे पैसे मागायला नको, एवढ्यानं तिचं बाहेर पडणं तिच्या हातात आलं. पैशाचा हिशेब मांडताना हेही मांडा.

जानेवारी 2025 मध्ये तिकडं इतरांचं भाडं 15 टक्के वाढलं, हेही खरं. काका त्यावरनं चिडतात. पण आपल्याकडं फुकट नसतानाही त्याच महिन्यात एसटीचं भाडं जवळजवळ तेवढंच वाढलं.

मारुती_रोड

मला बसपेक्षा रस्त्याची काळजी आहे. ममदानींनी पहिल्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मॅकगिनेस रस्त्याचं रखडलेलं काम पुरं करायचं जाहीर केलं. मोटारींची एकेक लेन कमी करून सायकलींना सुरक्षित जागा. 2021 मध्ये त्या रस्त्यावर एका शिक्षकाला गाडीनं उडवलं, तो गेला, तेव्हापासून लोक मागणी करत होते. काही व्यावसायिकांचा विरोध होता आणि आधीच्या महापौरांच्या काळात काम अर्ध्यावर राहिलं. मी दुकानदार आहे, तरी सांगतो, माझं मत रहिवाशांच्या बाजूला आहे. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला गाड्या लागतात, त्यात आमच्या दुकानदारांच्याच निम्म्या. गिऱ्हाईक बाई पोराचा हात धरून रस्त्याच्या मधनं चालते. बस आणायची तर तिला जायला जागा लागेल, आणि ती जागा आम्हालाच सोडायला लागेल.

गणपती_पेठ

आणि मालाचा टेंपो कुठं लावायचा? गणपती पेठेत पोती उतरतात, ती हवेतनं येत नाहीत. न्यूयॉर्कात 5 जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या दक्षिणेकडच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारीला दिवसा 9 डॉलर पडतात. तिथं जायला भुयारी रेल्वे आहे म्हणून ते चाललं. आपल्याकडं पर्याय नसताना पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक सरळ कोल्हापूरला जाईल.

क्वीन्समधली_मिरजकर

काका, त्या 9 डॉलरचं श्रेय किंवा दोष नव्या महापौरांना देऊ नका, ते त्यांच्या आधीचं आहे. वर्षभरात तिथं शिरणारी वाहनं सुमारे 11 टक्क्यांनी घटली. पण पर्यायाचं तुमचं म्हणणं मला पटतं.

एक लहान गोष्ट सांगते. विल्यम्सबर्ग पुलावरून सायकली उतरतात तिथं एक उंचवटा होता. डिलिव्हरीवाली पोरं वर्षानुवर्षं तिथं आदळायची. महापौर झाल्यावर पहिल्या आठवड्यात ममदानी स्वतः फावडं घेऊन डांबर टाकायला गेले. काहीजण म्हणाले, फोटोसाठी केलं. असेलही. पण आता तिथं कुणी आदळत नाही.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट

आमच्या वाटेवर असे दहा उंचवटे आहेत, कुणीतरी कुठल्यातरी कारणानं घातलेले, ना पट्टा मारलेला ना दिवा. रात्री अकराला दिसत नाहीत.

विश्रामबागकर

काल आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं फुकट म्हटल्यावर त्यांना आनंद होईल. त्यांनी आधी विचारलं, "गाडी शंभर फुटीवरनं जाणार का?" त्यांची दोन घरं तिकडं आतल्या बाजूला आहेत. विश्रामबाग चौकात उतरून त्या वीस मिनिटं चालतात, परत येताना भर उन्हात. तिकडं स्वयंपाकाला जाणाऱ्या आणखी सहा-सातजणी तशाच चालतात म्हणे. गाडी फुकट झाली तर चांगलंच आहे म्हणाल्या, पण मोठ्या रस्त्यावरनंच जाणार असेल तर चालणं काही सुटत नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पैसे वाचावेत ही मागणी मी सोडत नाही. पण महापौरांना द्यायच्या अर्जात मार्ग आधी लिहीन, तिकीट नंतर. मास्तर, अर्ज तपासून द्याल का?

नागरिकशास्त्राचा_मास्तर

देतो. प्रत आयुक्तांना आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांनाही जाऊ दे. रिक्षावाल्या दादांची सही घ्या.

डबल_बेल

शंभर फुटीवर मोठी गाडी आरामात वळते. थांबा सावलीत हवा. कुठं ते मावशींना आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांना विचारून लिहा, सकाळी किती वाजता त्या तिथं पोचतात तेही.