सेबी सोडून बचावाच्या बाजूला गेलेला वकील घरभेदी असतो का?

सनदवाली:
काल डोंबिवलीकर यांनी लिहिलं की सेबीत, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेत, दहा-दहा वर्षं काढून मग घोटाळेबाजांची वकीलपत्रं घेणारे लोक घरभेदी आहेत, निवृत्त हवालदाराने चोरांची शिकवणी घ्यावी तसे. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी त्यांच्यातलीच एक. बीकेसीत आठ वर्षं सेबीच्या अंमलबजावणी विभागात होते. पगारी नोकरी, त्यामुळे सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवलेली. कारणे दाखवा नोटिसा मी स्वतः लिहायचे. ट्रेड लॉग, कॉल रेकॉर्ड, केवायसी, बँकेचे उतारे, सगळं जुळवून. तिथे बसल्यावर वाटायला लागतं की नोटीस गेली म्हणजे माणूस दोषीच.

मग सनद पुन्हा सुरू करून फोर्टात बसायला लागले. पहिली महत्त्वाची फाइल एका डीलिंग रूममधल्या पोराची. नोटिशीत १७ जण, हा १४ वा. एकतर्फी अंतरिम आदेशाने पगाराचं खातं गोठलेलं, घराचा हप्ता बाउन्स झालेला. कंपनीच्या प्रवर्तकांकडे सीनियर कौन्सेल होते, याच्याकडे मी. ज्या फोनवरून त्याला आतली बातमी मिळाली असा आरोप होता, तो फोन ऑर्डर टाकल्यानंतर आलेला होता. जोडपत्रांच्या ढिगात हे कुठे शोधायचं ते मला कळलं, कारण तसले ढीग मीच रचत होते.

सेबी कायद्याच्या कलम १५एचए खाली फसवणुकीला २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातला जो जास्त तो दंड होऊ शकतो. कलम २४ खाली दहा वर्षांपर्यंत कैद. पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, दंडाच्या कारवाईत संभाव्यतेचं पारडं झुकलं की पुरतं. एवढी ताकद जिच्याकडे आहे तिचं काम आतून जाणणारा कुणी समोर उभा राहिला, तर बिघडलं कुठे? तपास अहवाल 'अंतर्गत कागद' म्हणून सरसकट दडवता येणार नाही, संबंधित भाग नोटीस मिळालेल्याला द्यावा लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. ते बचावाच्या वकिलांनी भांडून मिळवलंय.

डोंबिवलीकर:
ताई, तो पोरगा १४ वा होता. माझे वडील कितवे होते? त्यांना नंबरच नव्हता.

वडील महापालिकेतून निवृत्त झाले. फंडातून थोडे थोडे करून शेअर घेतलेले, विकायचे नाहीत, नातवंडांना ठेवायचे. ब्रोकरचा माणूस घरी आला, चहा प्यायला, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर सह्या घेऊन गेला, म्हणजे वडिलांच्या वतीने शेअर हलवायचा अधिकारच. २०१७ मध्ये कळलं की शेअर परस्पर गहाण पडलेत. तक्रार केली, सेबीने कारवाई सुरू केली, आम्हाला वाटलं आता मिळतील. ब्रोकरच्या बाजूने उभा राहिला तो सेबीतूनच बाहेर पडलेला वकील. आधी कागद तपासायला मुदत, मग उलटतपासणीचा अर्ज, मग आणखी कागद. तिसऱ्या वर्षी वडील गेले. दंड झाला हो शेवटी. पण तो पैसा कुठे गेला, सांगता? तुमच्या एका दिवसाच्या फीएवढेसुद्धा आमच्या घरी आले नाहीत.

जुना_जॉबर:
मी ९२ साली मुंबई शेअर बाजाराच्या रिंगमध्ये होतो, जीजीभॉय टॉवरच्या खाली. हर्षद मेहताच्या घोटाळ्याच्या वेळी बँका एकमेकींना बीआर (रोख्यांच्या बदल्यात बँकेची पावती) द्यायच्या, त्यामागे रोखे आहेत की नाहीत हे कुणी पाहत नव्हतं. सेबी १९८८ पासून होती, पण कायद्याचा अधिकार आला १९९२ मध्ये. ज्यांना बाजार आतून माहीत होता अशी माणसं तेव्हा तिकडे हवी होती. अमेरिकेत एसईसी, तिथली सेबी, १९३४ मध्ये निघाली तेव्हा रूझवेल्टने पहिला अध्यक्ष कुणाला नेमलं? जोसेफ केनेडीला, जो स्वतः पट्टीचा सट्टेबाज. इकडचा तिकडे गेला म्हणून माणूस बाटत नाही.

आणि डोंबिवलीकर, राग मानू नका, मी सब-ब्रोकर होतो तेव्हा कोऱ्या फॉर्मवर सह्या मीही घेतल्या. सगळेच घ्यायचे.

डोंबिवलीकर:
काका, 'सगळेच घ्यायचे' हे उत्तर झालं का? तुम्ही सह्या घेतल्या त्या घरांतून कुणाचं काय गेलं, कधी विचारलंत? आणि केनेडीचं उदाहरण उलटं आहे. तो सट्टा सोडून पहाऱ्याला आला. इथे पहाऱ्यावरचा माणूस किल्ल्या घेऊन पलीकडे जातो.

मुलुंडची_सीए:
पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. कार्वी या ब्रोकर कंपनीविरुद्ध सेबीचा आदेश आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. ९५ हजारांवर ग्राहकांचे सुमारे २,३०० कोटींचे शेअर गहाण. माझ्या सासूबाईंचं खातं दुसरीकडे होतं, तरी त्या महिनाभर रोज मला होल्डिंग उघडून दाखवायला लावत. त्यानंतर १ सप्टेंबर २०२० पासून नियम आला: मार्जिनसाठीचे (सौद्यांसाठी तारण ठेवलेले) शेअर ग्राहकाच्याच डिमॅटमध्ये राहणार, गहाणाला ओटीपी लागणार. आज शेअर आपोआप हलत नाहीत ते यामुळे. हे वकिलांनी मिळवलेलं नाही, लोकांनी आरडाओरडा केल्यावर आलंय. हा एक बदल २०१० मध्ये झाला असता तर इथल्या अर्ध्या गोष्टी घडल्याच नसत्या.

जुना_जॉबर:
२०१० मध्ये ओटीपी मागितला असता तर म्हाताऱ्या माणसांनी ट्रेडिंगच सोडलं असतं. तेव्हा फोनवर धंदा चालायचा.

मुलुंडची_सीए:
सोडलं असतं तर शेअर तरी राहिले असते, काका.

सनदवाली:
माझी फी काढायच्या आधी ऐका. त्या पोराकडून मी टायपिंगचा खर्चसुद्धा घेतला नव्हता.

पैसा कुठे गेला हे मात्र तुम्ही बरोबर विचारलंत, आणि याचं उत्तर देताना मला जड जातंय. कलम १५जेए: दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जाते. अवैध नफा परत वसूल केला तर तो गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत. सॅटमध्ये (सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण) अपील चालतं ते ब्रोकर आणि सेबी यांच्यात, आणि ज्याचे शेअर गेले तो बहुतेक वेळा तिथे पक्षकारही नसतो. आठ वर्षं आत असताना हे मला एकदाही टोचलं नाही. तेव्हा टोचायला हवं होतं.

किल्ल्यांचंही मान्य. अमेरिकेत सरकारी वकिलाने ज्या प्रकरणावर स्वतः काम केलं, त्याच प्रकरणात दुसऱ्याच्या वतीने सरकारपुढे उभं राहायला त्याला कायमची बंदी आहे. आपल्याकडेही सेबीच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ती तितक्याच कडकपणे लागू करा, मी पहिली सही करीन. हात लावलेली फाइल मी घेत नाही. पण उलटतपासणी मागणं म्हणजे वेळकाढूपणा, हे मी कधीच मान्य करणार नाही. त्या पोराला तीच मिळाली नसती तर तो आज बाजाराबाहेर असता. तो शब्द मागे घ्या.

डोंबिवलीकर:
तुमच्यापुरता घेतो. वडिलांच्या प्रकरणातल्या वकिलासाठी नाही घेणार, आयुष्यात नाही.

सनदवाली:
नका घेऊ. एक सांगा, त्या ब्रोकरला एक्स्चेंजने डिफॉल्टर जाहीर केलं होतं का?

डोंबिवलीकर:
केलं होतं. पेपरात जाहिरात आली होती, दावे मागवल्याची. आईने कात्रण देवघराच्या खणात ठेवलंय. आम्ही काहीच केलं नाही, वाटलं आता काय उपयोग.

सनदवाली:
एक्स्चेंजचा स्वतःचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो, तो सेबीच्या दंडापेक्षा वेगळा. वारस म्हणून आई दावा करू शकतात, मुदत उरली असेल तर. कात्रणावरची तारीख बघा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वडिलांचा डिमॅटचा शेवटचा उतारा आणि तक्रारीची पोच सापडली तर तीही काढून ठेवा.

डोंबिवलीकर:
आई झोपली आहे. सकाळी बघतो.