दुबळ्या संघाला हलकं घेणं खरंच महागात पडतं का? (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल)

बाल्टिमोरकर
ज्यांचा निकाल सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलेला असतो, असे सामने इथे दर नोव्हेंबरात होतात. मोठं विद्यापीठ लहान विद्यापीठाला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतं, वीस-तीस गुणांनी हरवतं आणि परत पाठवतं. २०१९ मध्ये केंटकीने एव्हान्सव्हिलला असंच ९० हजार डॉलर देऊन आपल्या घरच्या मैदानावर, रप अरेनात बोलावलं. आठवडाभर आधीच केंटकीने न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय क्रमवारीत तेव्हा अव्वल असलेल्या मिशिगन स्टेटला हरवलं होतं आणि स्वतः पहिला क्रमांक मिळवला होता. १२ नोव्हेंबरला एव्हान्सव्हिल ६७-६४ ने जिंकलं. दोनच आठवड्यांनी तोवर पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या ड्यूकला स्टीफन एफ. ऑस्टिनने ड्यूकच्याच घरी, जादा वेळेत, ८५-८३ असं हरवलं. लीगबाहेरच्या संघांविरुद्ध घरच्या मैदानावर सलग १५० विजयांची ड्यूकची मालिका तिथे तुटली.

हेच एव्हान्सव्हिल पुढे आपल्या मिसूरी व्हॅली लीगमध्ये १८ पैकी १८ सामने हरलं. म्हणजे संघ एका रात्रीत बलाढ्य झाला नव्हता. माझं मत स्पष्ट आहे: केंटकी गाफील होतं. मोठ्या संघाला सर्वात मोठा धोका तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याचा नसतो, ज्याच्या नावाकडे खेळाडू नीट बघतही नाहीत त्याचा असतो. पटतंय का?

थ्री_पॉइंटर
नाही पटत. निकाल लागल्यावर 'गाफील होते' म्हणायला काहीच लागत नाही. मोठा संघ जिंकला तर तो एकाग्र, हरला तर गाफील? मग हे विधान खोटं ठरणार तरी कधी?

१६ मार्च २०१८, शार्लट. एनसीएए ही राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा, तिच्या प्रत्येक गटात संघांना १ ते १६ मानांकन असतं. सोळाव्या मानांकनाचे संघ तोवर पहिल्या मानांकनाविरुद्ध १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा हरले होते. त्या रात्री सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने (मेरीलँडमधलं एक विद्यापीठ) पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. टोनी बेनेट यांचा तो व्हर्जिनिया संघ शिस्तीसाठीच ओळखला जायचा, ३१ विजय आणि फक्त २ पराभव घेऊन आला होता. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी. आपण अडचणीत आहोत हे त्यांना तेव्हा कळलं नसेल का? तरी दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ गुण केले.

कारणं कोर्टवर दिसत होती. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर. यूएमबीसीचे २४ पैकी १२ थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे शॉट) पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. त्यात व्हर्जिनिया मुद्दाम संथ खेळायचं. चेंडू जितक्या कमी वेळा हातात येईल, तितकी नशिबाला जागा जास्त. सरस संघाने सामना आखूड करणं म्हणजे स्वतःचीच आघाडी कमी करणं. यात मनोवृत्तीचा प्रश्न येतोच कुठे?

जुना_पॉइंट_गार्ड
थ्री_पॉइंटर, आकडे बरोबर आहेत, पण गाफीलपणा दिसत नाही हे मान्य नाही. पायांत दिसतो.

मी पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळलो. एका वर्षी आमची पहिली फेरी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजशी होती. त्यांच्या दोघांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट होते. आम्ही आदल्या रात्री उपांत्य फेरीबद्दलच बोलत होतो. सामन्यात कुणी मुद्दाम ढिलं खेळलं नाही. पण शॉट चुकला की मागे धावताना आम्ही पहिली तीन पावलं चालत होतो. बॉक्स आउट करायचं, म्हणजे समोरच्याला पाठीने अडवायचं सोडून रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत येणारा चेंडू) आपोआप हातात येईल म्हणून बघत उभे होतो. ते प्रत्येक चेंडूसाठी फरशीवर पडत होते. चार गुणांनी हरलो. मध्यंतराला सर ओरडले, आम्हालाही कळलं, पण तोवर समोरच्या मुलांना आपण जिंकू शकतो हे उमगलं होतं. ते त्यांच्याकडून परत काढून घेता येत नाही. व्हर्जिनियाचं २१-२१ मला तसंच वाटतं.

रेणुका_ओहायो
तुम्ही तिघंही हरलेल्यांबद्दलच बोलताय, याचं मला खरंच वाईट वाटतं. जिंकणाऱ्यांनी काय केलं ते कुणी विचारणार आहे का?

१७ मार्च २०२३ ला आमच्या कोलंबसमध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. डिव्हिजन वन या सर्वोच्च श्रेणीतला सर्वात बुटका संघ, समोर पर्ड्यूचा ७ फूट ४ इंचांचा झॅक एडी. आदल्या मोसमात २६ पैकी फक्त ४ सामने जिंकलेला हा संघ. या वेळी तर लीगचा अंतिम सामनाही हरला होता. विजेतं मेरीमॅक नियमामुळे अपात्र होतं, म्हणून यांना एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली. प्रशिक्षक टोबिन अँडरसन यांनी दोन दिवस आधीच खेळाडूंना सांगितलं होतं की पर्ड्यूला आपण हरवू शकतो, आणि ते कॅमेऱ्यासमोर होतं. म्हणजे पर्ड्यूला इशारा मिळालेला होता! तरी काय झालं? एडीच्या पुढे एक, मागे एक, आणि चेंडू आणणाऱ्या गार्डवर सतत दबाव. एडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड घेतले, पण बाकीच्यांना मोकळे थ्री घेऊ दिले आणि पर्ड्यूचे २६ पैकी ५ पडले. ती योजना होती. तिला 'पर्ड्यूची गफलत' म्हणणं म्हणजे त्या मुलांचं श्रेय काढून घेणं.

बाल्टिमोरकर
रेणुकाताई, तुमचा मुद्दा मला लागला. 'गाफील' म्हणताना मी एव्हान्सव्हिलचं कौतुक एका ओळीतही केलं नाही. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक वॉल्टर मॅकार्टी हे केंटकीच्याच १९९६ च्या विजेत्या संघातले, त्या मैदानाचं दडपण कसं असतं ते त्यांनी आपल्या मुलांना नक्कीच सांगितलं असणार.

पण पर्ड्यूचंच बघा. २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासकडून हार, २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून, २०२३ मध्ये हे. तीन वर्षं ओळीने हे नशीब?

थ्री_पॉइंटर
नशीब नाही, दोष. प्रेसखाली (चेंडू आणणाऱ्यावर सतत दबाव असताना) चेंडू सांभाळता न येणं हा पर्ड्यूचा खेळातला दोष होता, मनातला नाही. तो सुधारला आणि २०२४ ला तेच एडी आणि तेच प्रशिक्षक अंतिम सामन्यापर्यंत गेले. जुना_पॉइंट_गार्ड यांच्या तीन पावलांचं मात्र मी मान्य करतो. ते मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते सरावात सुधारता येतं. 'मनाने जागे राहा' एवढं सांगून कुठलाच प्रशिक्षक काही साधत नाही.

जुना_पॉइंट_गार्ड
मग २०१९ चा व्हर्जिनिया बघा. पुन्हा पहिलं मानांकन, समोर पुन्हा सोळावं, गार्डनर-वेब. पहिल्या अर्ध्यात १४ गुणांनी मागे, मध्यंतराला ३०-३६. संघ बहुतेक तोच, आणि गेल्या वर्षीची रात्र प्रत्येकाला आठवत असणार. या वेळी हंटर कोर्टवर होता. ७१-५६ ने जिंकले आणि अडीच आठवड्यांनी राष्ट्रीय विजेतेही झाले. हंटरमुळे की आदल्या वर्षीच्या जखमेमुळे, यावर तुमचं उत्तर ऐकायला आवडेल. मी ती लढत दोनदा पाहिली. दुसऱ्या अर्ध्यात एकही खेळाडू मागे चालत गेला नाही.