अलक संमेलनाला पहिल्यांदाच जायचंय, तयारी काय करू?

धाराशिवकर: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला अलक-शशकचं (म्हणजे अतिलघुकथा आणि शतशब्दकथांचं) एकदिवसीय संमेलन आहे. सकाळी कार्यशाळा, दुपारी कथावाचन, प्रत्येकाला तीन मिनिटं. शशक आधी मेलवर पाठवायची आहे, नेमकी 100 शब्दांची. वाचायला किती कथा न्याव्यात? आणि शब्द मोजायचे कसे?

गोदाकाठ: दोनच न्या. 100 शब्द मोठ्यानं वाचायला पाऊण ते एक मिनिट लागतं. तीन बसतील असं वाटतं, पण माइकपर्यंत जाणं, शीर्षक, मधला थांबा यातच मिनिटभर जातं. मग तिसरी घाईत वाचली की शेवटचं वाक्य गिळलं जातं, आणि अलकचा जीव तर तिथंच असतो. प्रस्तावना अजिबात नको. ‘ही दुष्काळावरची कथा आहे’ म्हणालात की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. मोबाइलवरून वाचू नका, ऐनवेळी स्क्रीन बंद पडते. मोठ्या अक्षरात छापून न्या, एका कागदावर एकच कथा.

बालाघाट: मोजणीत बहुतेक जण शब्दयोगी अव्ययांवर अडकतात. हे पाहा:

‘दुष्काळामुळे खूप दिवसांनी गावात टँकर आला म्हणून सगळ्यांना आनंद झाला.’ दहा शब्द, दिसत काहीच नाही.

‘टँकरचा हॉर्न वाजला. आजीने घागरीआधी म्हशीची बादली पुढे सरकवली.’ नऊ शब्द, आणि आजी डोळ्यांसमोर उभी राहते.

यातलं ‘घागरीआधी’ तोडून ‘घागरी आधी’ लिहिलं की दहा होतात. जोडून लिहिणंच शुद्ध, तसंच मोजा. डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तर वर्ड त्यालाही शब्द धरतं, म्हणून शेवटी एकदा बोटावर मोजाच. शीर्षक 100 मध्ये धरायचं का, ते आयोजकांना आधीच विचारा. टायपिंग युनिकोडमध्ये करा; श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही.

मोंढा_नाका: वरच्या दोघांशी सहमत. कार्यशाळेला मात्र पक्की झालेली कथा नेऊ नका ताई, अडलेली न्या, आठ-दहा प्रती काढून. चर्चा चालू असताना खुलासा करू नका, नुसतं टिपून घ्या. तीन जणांना एकाच ओळीवर अर्थ लागला नाही, तर ती ओळ बदलायची. आणि मेलवर पाठवायची शशक संमेलनाआधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बऱ्याच ठिकाणी ती ‘पूर्वप्रकाशित’ धरून बाद करतात.