जळगावात बहिणीसाठी रूम घ्यायचीय, सुरुवातीलाच एवढे पैसे लागतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. लहान बहिणीचं यंदा जळगावला इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालंय, हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून ती आन् तिच्या दोन मैत्रिणी मिळून दोन रूम-किचन घेताय. भाडं ९००० म्हणजे तिघींत ३०००, तेवढं जमतं. पण एजंटने काल हिशोब पाठवला त्यात डिपॉझिट २७०००, पहिलं भाडं ९०००, त्याचं कमिशन अजून ९००० आणि करारनाम्याचे ३०००, म्हणजे ४८००० एकदम, एकेकीच्या घरून १६०००. कापूस घरात यायला दिवाळी उजाडते, आत्ता सगळा पैसा खत-फवारणीत गुंतलाय, त्यामुळे यातलं परत काय मिळणार नि गेलं ते गेलं काय, हे आधीच समजून घ्यायचंय.

घरमालक म्हणतात रूम सोडताना रंगाचं एक भाडं कापू, हे सगळीकडे असतं का? करार नोटरीवरच करू म्हणताय, तो चालतो का? एक पोरगी मधेच सोडून गेली तर तिचं डिपॉझिट कोणी द्यायचं? आणि एजंट आजच २००० टोकन टाका म्हणतोय, रूम तर आम्ही अजून पाहिलीबी नाही.

प्रतिसाद १
भाऊ, रूम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया टाकू नका, गेली तर दुसरी मिळेल. नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच लागतो, रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. खर्च कोणी करायचा ते आपसात ठरवायचं, निम्मा-निम्मा मागून बघा. तुमच्या आकड्यांवर ११ महिन्यांच्या कराराची स्टॅम्प ड्युटी अडीचशेच्या आसपास बसते, शहरात रजिस्ट्रेशन फी १०००, बाकी करून देणाऱ्याची फी. ३००० कशाचे ते फोड करून विचारा, नोटरीचे असतील तर अजिबात देऊ नका.

कमिशन आणि कराराचा खर्च परत येत नाही, डिपॉझिट तेवढं येतं, म्हणून ते रोख न देता बँकेतून द्या आणि आकडा करारात लिहून घ्या. रंगाचं कापणं कायद्यातलं नाही, बोलण्यातलं आहे. काढायला लावा, नाही ऐकलं तर रक्कम ठरवून लिहा.

प्रतिसाद २
दादा, करारात तिघींची नावं टाका. एक गेली तर घरमालक बहुतेक मधेच पैसे देत नाहीत, नवी येणारी मुलगी जुनीला देते, ते तिघींच्या घरच्यांनी आत्ताच बोलून घ्या. डिपॉझिट दोन महिन्यांचं करा म्हणा, मुलींना रूम देणारे बरेच जण ऐकतात. आणि गादी, बादली, मेसचा ॲडव्हान्स याचे पैसे वेगळे धरा, तुमच्या हिशोबात ते नाहीच. चावी घ्यायच्या दिवशी मीटरचा आणि भिंतींचा फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा.