घरी पहिल्यांदा आंबवलेलं फसफसतं पेय: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे (धागा सुरू करते आहे)

माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (कडू फुलं) आणि यीस्ट आणून घरी बिअर करून बघावी असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. आपल्याकडे ते करता येत नाही. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं आणि एका पातेल्यात का असेना. पण आंबवण्याची हौस तिथे अडत नाही. कोम्बुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा, आल्याचं फसफसतं सरबत, अननसाच्या सालींचा तेपाचे, गाजराची कांजी या सगळ्यांतही सूक्ष्मजीवच राबत असतात. स्वच्छता, तापमान, साखरेचा हिशोब, बाटलीतला दाब हे बिअरवाल्याला शिकावं लागतं तसंच इथेही शिकावं लागतं.

धागा काढायचं कारण असं, की बहुतेक कृती थंड देशांत लिहिलेल्या आहेत. 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं लिहिणाऱ्याची खोली २०-२२ अंशांची असते. आपली स्वयंपाकघरं मे महिन्यात ३२-३३च्या खाली उतरत नाहीत आणि जुलैत भिंतीसुद्धा ओल धरतात. त्यामुळे आपले आकडे आपणच गोळा करायला हवेत. पहिल्या खेपेबद्दल लिहा: कोणता महिना होता, काय दिसलं, वास कसा आला, कधी थांबवलं. नुसतं 'छान झालं' पुरणार नाही.

नेरूळ

कोम्बुचा. मैत्रिणीने तिच्या बरणीतली चकती (यीस्ट आणि जिवाणूंचा जाड, लिबलिबीत थर) आणि वाटीभर तयार कोम्बुचा दिला, तिथून सुरुवात. लिटरभर पाणी, ६ ग्रॅम काळा चहा, ७० ग्रॅम साखर. गाळून पूर्ण गार झाल्यावर त्यात १०० मिली जुना कोम्बुचा. सगळ्यांचं लक्ष चकतीकडे जातं, पण खरं काम त्या जुन्या आंबट द्रवाचं आहे. तो घातल्याबरोबर चहा आंबट होतो आणि बुरशीला संधी कमी मिळते. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या असतील तर सुरुवातीलाच ४.२च्या खाली आलंय का बघा. आलं नसेल तर जुना द्रव आणखी घाला.

यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून बरणीला झाकण नाही, कापड बांधायचं. जाळीदार कापडातून आपली चिलटं आरामात आत शिरतात. मी जुन्या धोतराचा तुकडा दुहेरी करून रबराने घट्ट बांधते.

पहिली खेप मे महिन्यातली. कृतीत दहा ते चौदा दिवस म्हटलं होतं, इथे आठवडा पुरा व्हायच्या आत चव व्हिनेगरकडे झुकली. आता उन्हाळ्यात तिसऱ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखते. गोडवा आणि आंबटपणा बरोबरीला आले की गाळून फ्रीजमध्ये. डिसेंबर-जानेवारीत मात्र घाई करत नाही.

कोपरखैरणे

तेपाचेने सुरुवात करा, नवख्यांसाठी तेच सोपं. बाहेरून काही विकत आणावं लागत नाही, सालीवरचं यीस्टच काम करतं. एपीएमसीच्या फळबाजारात केरळचा अननस येतो, त्यातला पिकलेला, देठाशी वास सुटलेला घ्यायचा. सालं नीट धुवायची, पण घासायची नाहीत. दोन लिटर पाणी, २०० ग्रॅम गूळ, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा. सालं पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजेत, वर आली की त्यांच्यावर बुरशी धरते. मी वरून बशी ठेवते. एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा फेस आला होता, संध्याकाळी गाळलं. आणखी ठेवलं तर दारू आणि मग व्हिनेगर, हाच क्रम.

ऐरोली

मी बिअरबद्दलच लिहितो, कारण अमेरिकेत राहत असताना ती केली आहे. तिथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. राज्यांचे कायदे निराळे होते, अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली.

पहिली खेप ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटर. भरडलेलं माल्ट साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. या तासात बार्लीतली विकरं (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. पाणी फार तापलं तर विकरं निकामी होतात आणि पुढे यीस्टला खायला काही उरत नाही. मग गाळलेला गोड रस, त्याला वर्ट म्हणतात, तो तासभर उकळायचा. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटच्या काही मिनिटांत घातलेले सुगंध देतात.

सगळ्यात नाजूक वेळ त्यानंतरची. उकळतंय तोवर कसलीच भीती नाही. आच बंद केल्यापासून यीस्ट जोम धरेपर्यंत ते पातेलं म्हणजे कुणाही जिवाणूला वाढलेलं पान आहे. त्या वेळात वर्टला जे जे लागेल, चमचा, नळी, गाळणी, बादली, ते आधी धुतलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. ही दोन वेगळी कामं आहेत. मळकट भांड्यावर कितीही औषध ओतलं तरी ते निर्जंतुक होत नाही.

यीस्ट टाकण्याआधी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या मोजनळीने, पाण्याच्या तुलनेत घनता बघितली, १.०५०. शेवटी १.०१२. दोन्हीतला फरक गुणिले १३१.२५, म्हणजे अल्कोहोल जवळपास ५ टक्के. बुडबुडे थांबले म्हणून आंबणं संपलं असं समजू नका. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की मगच संपलं.

धागाकर्तीने तापमानाचं म्हटलंय ते अगदी खरं. एल जातीच्या बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, आणि माझं तिथलं तळघर हिवाळ्यात १८वर असायचं. त्यापेक्षा फार गरम झालं की यीस्ट घाईघाईने काम उरकतं, जड अल्कोहोलं तयार होतात आणि घसा जळतो. नॉर्वेच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३०च्या पुढेही स्वच्छ चव देतं. पहिल्यांदा त्याबद्दल वाचलं तेव्हा ऐरोलीची आठवण आली होती. इथे परतल्यापासून बिअर केलेली नाही. हायड्रोमीटर तेवढा बरोबर आणला.

चरई, ठाणे

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, कोम्बुचा नातीकडून समजला. आमच्या माहेरी आंबील असायची. रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, गार झाल्यावर पुन्हा ताक, लसूण, जिरं, मीठ. शिजवल्यामुळे आंबणं तिथेच थांबतं, म्हणून ती फसफसत नाही, पण आंबटपणा रात्रभरात आलेला असतो. उन्हाळ्यात सकाळी एक भांडं प्यायलं की दुपारपर्यंत पोट थंड.

मुलींनो, एक सांगते. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. ताक कळकतं तसंच हेही कळकणार, आणि ते पोटाला वाईट. काच घ्या, नाहीतर चांगलं स्टील. नातीने रंगीत मातीची शोभेची बरणी आणली होती, ती मी वापरू दिली नाही. त्या चकाकीत काय आहे कोण जाणे.

वर्तकनगर, ठाणे

आजी, बरणीचं अगदी बरोबर. काही चकचकीत लेपांत शिसं असतं आणि आम्लात ते उतरतं.

माझं आल्याचं सरबत. आधी विरजण तयार करावं लागतं. कपभर पाण्यात रोज एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर, आलं सालीसकट. यीस्ट सालीवरच असतं, म्हणून माती धुवायची पण साल काढायची नाही. जांभळी नाक्यावरचं ताजं, मातीचं आलं उत्तम. पाणी उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला मारक. कृतीत पाच दिवस दिलेले, मार्चमध्ये दोन-तीन दिवसांतच कानाला लावलं तर चुरचुर ऐकू यायला लागली.

मग आल्याचा काढा, लिटरमागे ८० ग्रॅम साखर, पूर्ण गार झाल्यावर लिंबू आणि अर्धी वाटी गाळलेलं विरजण. बाटलीत भरून बूच घट्ट.

इथून पुढे हिशोब पाठ हवा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की जवळपास एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारच्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साधारण साडेतीन ते चार लिटर वायू असतो. म्हणजे ८० ग्रॅममधले १५ ग्रॅम आंबले तरी तेवढा दाब झाला, आणि अजून ६५ ग्रॅम शिल्लक! बाटली बाहेर विसरली तर ती फुटणारच. गणपतीला कोकणात जायच्या आदल्या रात्री मी प्रत्येक बाटली फ्रीजमध्ये टाकतो किंवा संपवतो. बाहेर एकही ठेवत नाही.

दुसरी बाजू अल्कोहोलची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं. लिटरमागे ८ ग्रॅम साखर आंबली की त्याच्या आसपास पोचतो. त्याच ८ ग्रॅममध्ये दोन लिटर वायू मिळतो, आणि सरबताला तेवढा फेस पुरे. म्हणून बाटली घट्ट लागायला लागली की तडक फ्रीज, आणि दोन-चार दिवसांत संपवायचं.

घणसोली

बाटली काचेची की प्लास्टिकची? आणि घट्ट झाली हे कळतं कसं?

वर्तकनगर, ठाणे

पहिल्या खेपांना सोड्याची प्लास्टिकची बाटली, दुसरं काही नको. वर दोन बोटं जागा सोडा. भरल्यावर दाबली तर दबते, दबेनाशी झाली की तयार. मे महिन्यात सकाळी भरलेली रात्री तयार होते, जानेवारीत दीड-दोन दिवस लागतात. काचेचीच हवी असेल तर जाड, दाबासाठी केलेली घ्या. चौकोनी शोभेच्या बाटल्या अजिबात नकोत, कोपऱ्यांतून तडकतात. काचेच्या बाटल्यांबरोबर एक प्लास्टिकची भरून ठेवा, ती घट्ट झाली की सगळ्या आत.

ऐरोली

हायड्रोमीटर असेल तर ८ ग्रॅम म्हणजे फक्त ०.००४चा फरक. नमुन्यातला वायू आधी ढवळून घालवा, नाहीतर बुडबुडे नळीला चिकटतात आणि आकडा वर दिसतो.

कळवा

जुलैतला कोम्बुचा, वाया गेला. चकती ऑनलाइन मागवली होती, तिच्याबरोबर जेमतेम चमचाभर द्रव आला. आठवड्याच्या आत वर हिरवट-पांढरी, कोरडी, केसाळ वर्तुळं. वरचं काढून खालचं प्यावं असा मोह होतो, पण तसं करू नका. बुरशीचे धागे खाली उतरलेले असतात. चकतीसकट सगळं टाकलं, बरणी उकळत्या पाण्याने धुतली. खाली लोंबणाऱ्या तपकिरी दोऱ्या म्हणजे बुरशी नव्हे, ते यीस्ट. ओलं आणि गुळगुळीत चालेल, कोरडं आणि केसाळ नाही. पावसाळ्यात ओट्याच्या कोपऱ्यातून बरणी उचलून हवा खेळते तिथे ठेवली आणि जुना द्रव दुप्पट घेतला, पुढची खेप स्वच्छ निघाली.

खारघर

कांजी, शेजारच्या पंजाबी काकूंकडून शिकले. त्या होळीच्या आधी करतात. काळी गाजरं इथे क्वचितच दिसतात, लाल गाजर आणि एक बीट घेतलं. लिटरमागे १५-२० ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे भरडलेली मोहरी. यात काम लॅक्टिक जिवाणूंचं, साखर घालायची नाही. काकू म्हणतात अमृतसरला चार-पाच दिवस उन्हात ठेवतात, फेब्रुवारीतल्या खारघरला दोन दिवसांत झाली. पहिला घोट घेतला आणि लोणच्यातली फेसलेली मोहरी नाकात जाते तशीच गेली. घरात सगळ्यांना आवडली असं नाही. मला फार आवडली.

सीवूड्स

आहारतज्ज्ञ म्हणून एवढंच: गरोदर बायका, तान्ही मुलं आणि केमोथेरपीसारख्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं, यांना घरचं न उकळलेलं आंबवलेलं पेय देऊ नका. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी अर्धा कप.

नौपाडा, ठाणे

ऐरोली आणि वर्तकनगरचे आकडे एकत्र वाचल्यावर माझं अडलेलं कोडं सुटलं: फेस हवा, पण अल्कोहोल नको, तर थांबायचं कधी. डिसेंबरचे अनुभव अजून फार कमी आले आहेत, येऊर किंवा घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांनी जरूर लिहा, तिकडे रात्री जास्त गार असतात. माझ्याकडे कोम्बुचाच्या दोन चकत्या जास्तीच्या आहेत. कुणाला हव्या असतील तर इथे कळवा, येताना काचेची बरणी आणा. प्रत्येकीबरोबर दोन वाट्या जुना द्रव देईन.